शब्दाचा सूर : नॉर्वेजियन सुराघाताच्या अभ्यासाची प्रस्तावना

आवाजाच्या उंचीचा, म्हणजे सुराच्या चढउताराचा, उपयोग सर्वच भाषा करतात. परंतु तो कोणत्या कामासाठी करतात याबाबतीत त्यांच्यात मोठा फरक आढळतो. मराठीत ‘तो आला’ हे विधान शेवटी सूर चढवून उच्चारले की त्याचा प्रश्न होतो, आणि हा बदल ‘तो’ किंवा ‘आला’ या शब्दांच्या अर्थाला धक्का न लावता संपूर्ण वाक्याच्या हेतूत होतो. वाक्यभर पसरलेल्या अशा चढउताराला सुरावली म्हणतात. याउलट चिनी भाषेत जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो आणि तो बदलला की शब्दच बदलतो. अशा भाषांना सूरभाषा म्हणतात. अक्षर ही संज्ञा येथे आणि पुढेही लेखनातील चिन्हासाठी वापरलेली नसून एका स्वराभोवती उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहासाठी वापरली आहे. या दोन टोकांच्या मध्ये भाषांचा आणखी एक वर्ग आहे. या वर्गातील भाषांत शब्दातल्या एखाद्याच ठळक अक्षरापाशी सुराचा भेद अर्थपूर्ण ठरतो, आणि इतर अक्षरे त्या सुराच्या मागे जातात. या घटनेला सुराघात म्हणतात. जपानी, लिथुआनियन, सर्बो-क्रोएशियन आणि स्वीडिश यांच्याबरोबर नॉर्वेजियन ही या वर्गातील एक महत्त्वाची भाषा असून तिच्या भाषकांनी या सुराघाताला ‘टूनेलाग’ असे नाव दिले आहे.

नॉर्वेजियनमध्ये सुराघात दोनच आहेत, आणि अभ्यासक त्यांना पहिला व दुसरा अशा क्रमांकांनी ओळखतात. ‘तांकेन’ हा शब्द पहिल्या सुराघाताने उच्चारला तर ‘ती टाकी’ असा अर्थ होतो आणि दुसऱ्या सुराघाताने उच्चारला तर ‘तो विचार’ असा होतो. दोन्हींचे लेखन, स्वर आणि व्यंजने तंतोतंत सारखी आहेत. ‘लोवेन’ म्हणजे पहिल्या सुराघाताने ‘तो कायदा’ आणि दुसऱ्याने ‘ते धान्याचे कोठार’. ‘वॅरे’ म्हणजे एका सुराने ‘हवामान’ आणि दुसऱ्याने ‘असणे’. ‘ब्योन्नेर’ म्हणजे पहिल्याने ‘शेतकरी’ आणि दुसऱ्याने ‘घेवड्याच्या शेंगांतील दाणे’ किंवा ‘प्रार्थना’. नॉर्वेजियन स्वर देवनागरीत जसेच्या तसे उतरवता येत नाहीत, त्यामुळे येथील सर्व रूपे ढोबळ मानावीत. त्यातही ‘ब्यो’ या लेखनामागे जो स्वर आहे तो ओठ गोल करून उच्चारलेल्या ‘ए’च्या जवळचा आहे. हे दोन सुराघात वेगळे ओळखू यावेत यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली अट अशी की त्या अक्षरावर बलाघात, म्हणजे उच्चारातील जोर, असला पाहिजे. आणि दुसरी अशी की त्याच्यामागून निदान एक अक्षर आले पाहिजे. एकाक्षरी शब्दाला दुसरा सुराघात पेलण्याइतकी जागाच नसते, म्हणून बहुतेक बोलींत असे शब्द पहिल्या सुराघाताचे मानले जातात.

सुरांचे प्रत्यक्ष स्वरूप प्रदेशानुसार बदलते. परदेशी विद्यार्थ्यांना सहसा शिकवली जाते ती ऑस्लो आणि भोवतालच्या पूर्व नॉर्वेतील बोली, म्हणून वर्णनाची सुरुवात तिच्यापासून करणे सोयीचे आहे. या बोलीत पहिला सुराघात असलेल्या शब्दाचे ठळक अक्षर खालच्या सुरात उच्चारले जाते आणि त्यापुढे सूर वर चढतो. दुसऱ्या सुराघातात ठळक अक्षर उंच सुरात सुरू होऊन खाली घसरते आणि शब्दाच्या अखेरीस सूर पुन्हा वर जातो. अखेरची चढण दोन्हींत समान आहे. भेद आहे तो आरंभी, एक खालून निघतो आणि दुसरा वरून उतरतो. या चढणीची जागाही शब्दाच्या शेवटाशी कायमची जखडलेली नाही. ‘बीलेन’, म्हणजे ‘ती मोटार’, हा शब्द एकटा उच्चारला तर सूर ‘लेन’वर चढतो, पण ‘बीलेन मीन’, म्हणजे ‘माझी मोटार’, असे म्हणताना ‘मीन’वर जोर नसेल तर चढण पुढे सरकून त्या शब्दाच्या अखेरीस पोचते. म्हणजेच एका ठळक अक्षरापासून पुढच्या ठळक अक्षरापर्यंतचा सगळा पट्टा सुराच्या दृष्टीने एकच घटक असतो. अमेरिकेत जन्मलेले नॉर्वेजियन वंशाचे भाषाशास्त्रज्ञ आयनार हाउगेन यांनी मार्टिन जूस यांच्यासह १९५२ मध्ये पूर्व नॉर्वेजियनमधील सूर आणि सुरावली यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानंतर शब्दाचा सूर आणि वाक्याचा सूर यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत या क्षेत्रात रुळत गेली.

सुराघाताची ओळख करून देताना पाठ्यपुस्तके बहुधा वर दिलेल्या जोड्यांपासूनच सुरुवात करतात, आणि विद्यार्थ्याच्या मनात असा समज निर्माण होतो की चुकीचा सूर लागला तर ऐकणारा कायद्याच्या जागी कोठार समजून बसेल. प्रत्यक्ष व्यवहारात असे क्वचितच घडते. जोडीतील दोन शब्द पुष्कळदा वेगवेगळ्या व्याकरणिक वर्गांतले असतात. ‘हवामान’ हे नाम जेथे येते तेथे ‘असणे’ हे क्रियापद सहसा येऊ शकत नाही, आणि दोन्ही नामे असली तरी संदर्भ उरलेले काम करतो. अर्थभेदाचे ओझे इतके हलके असेल तर सुराघात शिकण्याचे कष्ट का घ्यावेत, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो, आणि अनेक शिक्षकही विद्यार्थ्यांना हा विषय बाजूला ठेवण्याचा सल्ला देतात. हा सल्ला चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. मोजक्या जोड्या वेगळ्या ठेवणे हे सुराघाताचे गौण काम आहे. शब्द कसा घडला आहे, त्याला कोणता प्रत्यय लागणार आहे आणि बोलण्यातील एक घटक संपून दुसरा कोठे सुरू होतो हे ऐकणाऱ्याला आगाऊ सुचवणे हे त्याचे मुख्य काम आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात मेर्ले हॉर्ने, मिकाएल रोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडिश भाषकांच्या मेंदूतील विद्युत् प्रतिसाद मोजून असे दाखवून दिले आहे की शब्दाच्या मुळातील सूर ऐकताच श्रोता पुढे येणाऱ्या प्रत्ययाची अपेक्षा बांधतो, आणि सुराशी न जुळणारा प्रत्यय आला तर मेंदूच्या प्रतिसादात फरक पडतो. सुराघात वगळून बोललेली नॉर्वेजियन समजते, हे खरे. पण ती समजून घेण्याचा भार मग श्रोत्यावर पडतो.

सुराघात आणि शब्दघटना यांचे हे नाते भाषेच्या इतिहासातून आले आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन नॉर्स भाषेत जे शब्द एकाक्षरी होते त्यांना आज पहिला सुराघात आहे आणि जे दोन किंवा अधिक अक्षरांचे होते त्यांना दुसरा, असा ढोबळ नियम सांगता येतो. त्या काळी ‘पुस्तके’ या अर्थाचा शब्द ‘ब्योक्र’ असा एकाच अक्षराचा होता. पुढे शेवटच्या व्यंजनसंयोगात एक आधारस्वर शिरून त्याचे ‘ब्योकेर’ झाले. अक्षरे दोन झाली तरी सुराने मात्र जुनी अक्षरसंख्या टिकवली, आणि म्हणून ‘ब्योकेर’ला आजही पहिला सुराघात आहे. हिवाळ्याला आज ‘विंतेर’ म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेले ‘वेत्र’ हे रूपही एकाक्षरी होते. शेतकऱ्यांसाठी असलेले ‘ब्योन्नेर’ याच कुळातले आहे, आणि जोडीतला त्याचा भिडू मात्र मुळातच द्व्यक्षरी असल्याने दुसऱ्या सुराघाताचा ठरला. दुसरा महत्त्वाचा बदल निश्चितवाचक उपपदाचा. इंग्रजीत ‘द’ हे उपपद नामाच्या आधी येते. स्कँडिनेव्हियन भाषांत ते नामाच्या शेपटाला चिकटते. हे चिकटणे उशिरा घडले, आणि तोवर सुरांची विभागणी ठरून गेली होती. त्यामुळे ‘दाग’, म्हणजे ‘दिवस’, या एकाक्षरी नामाला उपपद लागून ‘दागेन’, म्हणजे ‘तो दिवस’, असे द्व्यक्षरी रूप झाले तरी त्याचा सुराघात पहिलाच राहिला. अनेकवचनाचा प्रत्यय मात्र फार जुना आणि स्वतःचा स्वर बाळगणारा होता. म्हणून ‘दागेर’, म्हणजे ‘दिवस’ हे अनेकवचन, दुसऱ्या सुराघाताने उच्चारले जाते. ‘तांकेन’ची जोडीही याच मार्गाने उलगडते: ‘तांक’ या एकाक्षरी नामाला उपपद लागले तर पहिला सुराघात मिळतो, आणि ‘तांके’ या द्व्यक्षरी नामाला लागले तर दुसरा.

ही केवळ जुन्या शब्दांची कहाणी असती तर शिकणाऱ्याला तिचा फारसा उपयोग झाला नसता. परंतु नियम आजही जिवंत आहे, याचा पुरावा नव्या शब्दांतून मिळतो. मोटारीसाठीचा ‘बील’ हा शब्द विसाव्या शतकात रूढ झाला, आणि तरीही त्याचे ‘बीलेन’ हे निश्चित रूप पहिल्या सुराघाताचे व ‘बीलेर’ हे अनेकवचन दुसऱ्या सुराघाताचे आहे. ‘दाग’ने घालून दिलेला कित्ता त्याने बिनबोभाट गिरवला. क्रियापदांतही अशीच व्यवस्था दिसते. ज्या क्रियापदांचा भूतकाळ मुळातील स्वर बदलून होतो त्यांना सबल क्रियापदे म्हणतात. त्यांचे वर्तमानकाळी रूप प्राचीन नॉर्समध्ये साधारणपणे एकाक्षरी होते, आणि आज त्या वर्गातील ‘कोम्मेर’, म्हणजे ‘येतो’, आणि ‘स्क्रीवेर’, म्हणजे ‘लिहितो’, ही रूपे पहिल्या सुराघाताची आहेत. प्रत्यय लावून भूतकाळ करणाऱ्या ‘कास्ते’, म्हणजे ‘फेकणे’, यासारख्या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप मात्र दुसरा सुराघात घेते. ‘लिहिणारा’ किंवा आजच्या वापरात ‘छपाईयंत्र’ या अर्थाचे ‘स्क्रीवेर’ हे नाम दुसऱ्या सुराघाताचे असते, आणि त्यामुळे ते याच रूपाच्या क्रियापदापासून सुराने वेगळे राहते. म्हणजे नामाचे वचन, त्याची निश्चितता, क्रियापदाचा वर्ग आणि शब्दाची जात या व्याकरणातल्या गोष्टी सुरातून ऐकू येतात, आणि त्या माहीत असतील तर बहुतेक शब्दांचा सूर पाठ न करताही सांगता येतो.

नियमाला अपवाद आहेत, पण तेही बहुतांशी गटागटाने येतात. मध्ययुगात हान्सा व्यापारी संघाच्या काळात उत्तर जर्मनीतून स्कँडिनेव्हियन भाषांत शब्दांचा मोठा ओघ आला. त्यातील ‘बे’ आणि ‘फोर’ यांसारखे जोर नसलेले उपसर्ग घेऊन आलेले शब्द पहिल्या सुराघाताचे आहेत, मग त्यांच्या पुढच्या भागात कितीही अक्षरे असोत. ‘बेताले’, म्हणजे ‘पैसे देणे’, हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. ‘स्तुदेरे’, म्हणजे ‘अभ्यास करणे’, यासारखी परक्या मुळांपासून बनलेली क्रियापदेही पूर्व नॉर्वेत त्याच गटात मोडतात. खरी अडचण जोडशब्दांची आहे. मध्य स्वीडनमध्ये जोडशब्दाला जवळजवळ सर्वत्र दुसरा सुराघात मिळतो, आणि तेथे विद्यार्थ्याची सुटका होते. नॉर्वेजियनमध्ये तो पुष्कळसा पहिल्या घटकाच्या घडणीवर अवलंबून असतो, आणि पहिला घटक एकाक्षरी असेल तर एका शब्दात एक आणि दुसऱ्यात दुसरा असे चित्र दिसते. येथे ऐकणे आणि लक्षात ठेवणे यांना पर्याय नाही.

या भेदाचा उगम नेमका कसा झाला यावर अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चा चालू आहे. नॉर्वेतील भाषापंडित योहान स्टोर्म यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियन सुरांचे बारकाईने वर्णन केले. माग्ने ऊफ्तेदाल यांनी १९५२ मध्ये असे मांडले की उपपद नामाला चिकटल्यावर जुने द्व्यक्षरी शब्द आणि नवे उपपदयुक्त शब्द यांत गल्लत होऊ लागली आणि तेव्हाच सुराचा भेद अर्थपूर्ण बनला. तर तोमास रियाद यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी त्याची पाळेमुळे आणखी मागे, शब्दांतील स्वर लोप पावण्याच्या प्राचीन काळात, शोधली. शेजारच्या डॅनिश भाषेची साक्ष या वादात मोलाची आहे. डॅनिशमध्ये दोन सुराघात नाहीत. त्यांच्या जागी ‘स्ट्यो’ नावाचा कंठातील एक निसटता अडथळा आहे, आणि तो साधारणपणे तेथेच आढळतो जेथे नॉर्वेजियनमध्ये पहिला सुराघात असतो. ‘हुन’ या उच्चारात कंठ मोकळा असेल तर ‘ती’ आणि क्षणभर आवळला तर ‘कुत्रा’ असा अर्थ होतो. याउलट आइसलँडिक आणि फेरो बेटांवरची भाषा यांनी प्राचीन नॉर्सचे व्याकरण इतरांपेक्षा अधिक जपले असूनही त्यांच्यात सुराघाताचा भेद नाही.

मराठी वाचकाला या विषयाकडे जाण्याचा एक मार्ग घराजवळूनच सापडतो. वैदिक संस्कृतात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे सूर होते, पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त त्यांचे नियम सांगितले, आणि वेदपाठाच्या परंपरेत ते आजही पाळले जातात. ‘इन्द्रशत्रु’ या समासातील उदात्ताची जागा बदलल्यामुळे ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’ असा अर्थ झाला आणि त्वष्ट्याचा यज्ञ त्याच्यावरच उलटला, ही कथा व्याकरणाच्या अभ्यासाचे महत्त्व सांगताना पतंजलीने वापरली आहे. परंतु साम्य येथे थोडे जपून वापरावे लागते. वैदिक भाषेत प्रश्न असतो तो उदात्त कोणत्या अक्षरावर आहे याचा. नॉर्वेजियनमध्ये बलाघाताची जागा दोन्ही शब्दांत तीच असते आणि प्रश्न असतो तो त्या जागी सूर कोणत्या आकाराने वळतो याचा. या दृष्टीने अधिक जवळची तुलना पंजाबीशी होते. पंजाबीत ‘घ’, ‘भ’, ‘ध’ यांसारख्या व्यंजनांतला महाप्राण घोष उच्चार लोपला आणि त्याची जागा सुराने घेतली. त्यामुळे ‘घोडा’ आणि चाबूक या अर्थाचा ‘कोडा’ हे शब्द तेथे मुख्यतः सुराने वेगळे राहतात. मराठीने ती व्यंजने राखली, म्हणून तिला सुराची गरज पडली नाही. पंजाबीत लोपलेल्या व्यंजनगुणाची आणि नॉर्वेजियनमध्ये लोपलेल्या अक्षरसंख्येच्या भेदाची खूण सुराने जपली आहे. ध्वनी गेला तरी त्याने केलेला भेद भाषा दुसऱ्या मार्गाने सांभाळते, हे ऐतिहासिक भाषाशास्त्राचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच प्रत्ययास येते.

बोलीभेदाचा विचार केल्याखेरीज नॉर्वेजियन सुराघाताचे वर्णन पूर्ण होत नाही. या देशात बूकमोल आणि न्यूनॉर्स्क अशी लेखनाची दोन अधिकृत रूपे आहेत, पण उच्चाराचे एकही अधिकृत प्रमाण नाही. संसदेत, विद्यापीठात आणि आकाशवाणीवरही लोक आपापल्या बोलीत बोलतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. पूर्व नॉर्वे आणि त्रोंदेलाग या प्रदेशांत ठळक अक्षर पहिल्या सुराघातात खाली असते, म्हणून या बोलींना नीचसुरी म्हणता येईल. बर्गन व स्टावांगर ही शहरे असलेला पश्चिम किनारा आणि उत्तरेचा बराचसा भाग उच्चसुरी आहे. तेथे पहिल्या सुराघातात ठळक अक्षर उंच असून सूर लगेच उतरतो, आणि दुसऱ्या सुराघातात तो खालून चढून उशिरा शिखर गाठतो. परिणामी बर्गनमधील पहिला सुराघात ऑस्लोतील दुसऱ्याच्या जवळपास ऐकू येतो. दोन शब्दांतला भेद दोन्हीकडे शाबूत आहे, पण त्याची अभिव्यक्ती जवळजवळ उलटी झाली आहे; आणि कोणत्या शब्दाला कोणता सुराघात, ही वाटणी मात्र देशभर बहुतांशी सारखीच आहे. त्रोंदेलागच्या पारंपरिक बोलींत ‘कास्ते’ सारख्या शब्दाचा अंत्य स्वर गळून ‘कास्त’ एवढेच उरते, तरी गळालेल्या अक्षराचा सूर उरलेल्या एकाच अक्षरावर चढतो आणि एकाक्षरी शब्दांतही सुराचा भेद निर्माण होतो. दुसऱ्या टोकाला बर्गनच्या उत्तरेकडील काही भागांत, आणि सामी व क्वेन भाषांचा शेजार लाभलेल्या फिनमार्कच्या काही भागांत, हा भेदच नाही. त्या लोकांची नॉर्वेजियन कोणीही अपुरी मानत नाही.

लेखनात या सगळ्याचा मागमूस नाही. ऋग्वेदाच्या पोथ्यांत अनुदात्ताखाली आडवी आणि स्वरितावर उभी रेघ असते. नॉर्वेजियन लेखनात सुराघातासाठी कोणतेही चिन्ह नाही. डेन्मार्कच्या राजवटीत कित्येक शतके लेखनाची भाषा डॅनिश होती, आणि बूकमोलचे लेखन तिच्यातूनच विसाव्या शतकातल्या सुधारणांमधून घडत गेले. डॅनिशला जे चिन्ह लागत नव्हते ते नॉर्वेजियननेही घेतले नाही. साध्या शब्दकोशांतही सूर बहुधा दिलेला नसतो. हाउगेन यांचा १९६५ चा नॉर्वेजियन-इंग्रजी शब्दकोश परदेशी विद्यार्थ्यांसाठी उपयोगी ठरला याचे एक कारण असे की त्यात उच्चाराबरोबर सुराघाताचीही नोंद आहे. आज त्रोंदहाइम येथील नॉर्वेजियन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात विकसित झालेले ‘काल्स्ट’ हे संगणकीय साधन शिकणाऱ्याची मातृभाषा आणि त्याने निवडलेली नॉर्वेजियन बोली विचारात घेऊन उच्चाराचा सराव करून घेते.

बोलण्याचा सूर हा समाजात ओळखीची खूणही असतो, हे एका वैद्यकीय प्रकरणाने ठळकपणे दाखवून दिले. जर्मन ताब्यात असलेल्या ऑस्लोवर १९४१ मध्ये झालेल्या हवाई हल्ल्यात एक तरुण नॉर्वेजियन स्त्री बॉम्बच्या तुकड्याने डोक्याला जखमी झाली. गेलेली वाचा कालांतराने परत आली, पण सूर बदललेला राहिला, आणि तिचे बोलणे जर्मन माणसाचे वाटू लागल्याने दुकानदार तिला वस्तू देईनासे झाले. ऑस्लोचे मेंदूविकारतज्ज्ञ गेओर्ग हेरमान मोनराड-क्रोन यांनी १९४७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात या प्रकरणाचे वर्णन केले, आणि भाषेतील सुराच्या विकारांचा अभ्यास करणारे आजही त्या लेखाकडे वळतात. परदेशातून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्याने मूळ भाषकासारखेच बोलले पाहिजे, असा निष्कर्ष यातून काढणे मात्र अनुचित ठरेल. बोलींची एवढी विविधता सहज सामावून घेणाऱ्या समाजात परक्या सुरालाही जागा असते. विद्यार्थ्याचे उद्दिष्ट आपले बोलणे श्रोत्याला विनासायास कळावे एवढेच असावे.

नोकरी, संशोधन किंवा कुटुंबाच्या निमित्ताने ऑस्लो, स्टावांगर किंवा त्रोंदहाइम येथे राहणाऱ्या मराठी भाषकांना हा विषय व्यावहारिक कारणानेही महत्त्वाचा वाटेल, कारण २०२२ च्या ऑक्टोबरपासून नॉर्वेच्या नागरिकत्वासाठी तोंडी भाषेची सर्वसाधारण अट युरोपीय श्रेणीतील बी१ या पातळीपर्यंत वाढवण्यात आली आहे. मराठी भाषकाकडे काही जमेच्या बाजू आहेत. पूर्व नॉर्वेच्या बोलीत ‘र’ आणि त्यापुढचे दंत्य व्यंजन एकत्र येऊन मूर्धन्य उच्चार होतो, आणि इंग्रजी किंवा फ्रेंच भाषकाला कष्टाने साधणारे हे ‘ट’ आणि ‘ण’ मराठी जिभेला जन्मतःच येतात. नॉर्वेजियन ‘व’ही मराठीतल्या ‘व’च्या अगदी जवळचा आहे. अडचणी वेगळ्या आहेत. मराठीत शब्दातील बलाघात अर्थभेद करत नाही, त्यामुळे ठळक अक्षर पुरेसे ठळक करण्याची सवय नसते, आणि ठळक अक्षरच नसेल तर सुराघाताला उभे राहायला जागा मिळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मराठीत लेखनात काटेकोर असला तरी उच्चारात तो शिथिल आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ बहुतेक जण सारखेच उच्चारतात. नॉर्वेजियनमध्ये मात्र जोरदार अक्षरात एकतर स्वर दीर्घ असतो किंवा त्यामागचे व्यंजन, आणि लांब स्वराचे ‘ताक’ म्हणजे ‘छप्पर’ तर लांब ‘क’चे ‘ताक्क’ म्हणजे ‘आभार’. मराठीत ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतला भेद शब्दाच्या मध्यभागी ऐकण्याची सवय आहे. तीच सवय शब्दाच्या अखेरीपर्यंत न्यावी लागते. तिसरी अडचण सुरावलीची. पूर्व नॉर्वेत साधे विधानही पुष्कळदा चढत्या सुरावर संपते, आणि चढता सूर म्हणजे प्रश्न असे मानणारा मराठी कान प्रत्येक विधानाला प्रश्न समजून उत्तर शोधू लागतो. ती चढण सुराघाताच्या घटकाची अखेर आहे, प्रश्नाची खूण नव्हे, हे एकदा समजले की गोंधळाचा मोठा भाग दूर होतो.

यावरून अभ्यासाचा क्रमही ठरवता येतो. आधी बलाघात, मग स्वर व व्यंजनांची लांबी, त्यानंतर दोन सुराघात आणि शेवटी संपूर्ण वाक्याची सुरावली, असा क्रम ठेवला तर प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचा आधार मिळतो. हा क्रम उलटून थेट शब्दजोड्यांवर उडी घेतली तर विद्यार्थी वर्गात त्या जोड्या बिनचूक म्हणतो आणि रस्त्यावर आल्यावर सारे विसरतो. जोड्यांचा उपयोग कान तयार करण्यापुरता करावा. सूर शिकावा तो रूपावलीतून. एकवचन, निश्चित रूप आणि अनेकवचन, म्हणजे ‘दाग, दागेन, दागेर’, असे तिन्ही एकत्र मोठ्याने म्हटले की पहिल्या व दुसऱ्या सुराघाताचा फरक आणि त्यामागचे व्याकरण एकाच वेळी अंगवळणी पडते, आणि हाच सराव क्रियापदांच्या वर्गांनाही लागू करता येतो. वाचकाने सुरुवातीलाच एक बोली निवडावी, शक्यतो जेथे राहायचे आहे तेथील, आणि निदान पहिल्या वर्षात तिच्याशी दुसरीची सरमिसळ करू नये. आणि प्रत्येक नवा शब्द वहीत उतरवताना त्याच्या अर्थाशेजारी एक किंवा दोन हा सुराघाताचा आकडा लिहून ठेवावा, कारण ज्या भाषेच्या लेखनाने ही खूण दिलेली नाही तिच्या विद्यार्थ्याने ती स्वतःच ठेवणे भाग आहे.